एप्रिलचा रिपोर्ट

त्याला सगळे शिक्का म्हणायचे. समोर असला की साहेब, कारण इमारतीची लिफ्ट चालू राहणार की बंद पडणार हे त्याच्या सहीवर होतं. पाठ वळली की मात्र दारावरच्या वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या वकिलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, "शिक्का येऊन गेला का?" हे त्याला माहीत होतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. जन्माचं नाव आईबाप ठेवतात, त्यात आपलं कर्तृत्व काय? हे नाव त्यानं बावीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून कमावलं होतं.

वय सत्तेचाळीस. घटस्फोट होऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, व्यसन नाही. राहायला तिसऱ्या मजल्यावर, खाली दुसऱ्या मजल्यावर थोरली बहीण, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. लोक विचारायचे तर तो म्हणायचा, दिवसभर तेच बघतो, घरी कशाला. खरं कारण निराळं होतं. दुसऱ्या कुणाच्या सहीच्या लिफ्टमध्ये पाय ठेवायला तो कचरायचा, आणि स्वतःच्या इमारतीचा दाखला स्वतः देणं नियमात बसत नव्हतं. मग लिफ्टच नको.

तपासणी मात्र त्याची बघत राहावी अशी. लोखंडी दोरावरून सुती फडकं फिरवायचा, कारण एखादी बारीक तार तुटलेली असली की फडक्याचा धागा तिथं अडकतो. ब्रेक, दारांची कुलपं, खड्ड्यातल्या स्प्रिंगा, वरची मशीनची खोली, सगळं स्वतःच्या हातानं. मालक म्हणाला की "अहो, गेल्याच महिन्यात नवीन टाकलंय," तर हा त्याच्याकडे न बघता फडकं झटकायचा. कुणाच्या शब्दावर त्यानं आजवर एक लिफ्ट पास केली नव्हती. शेवटी तीन प्रतींत फॉर्म, सही, गोल शिक्का, आणि लिफ्टमधल्या काचेच्या चौकटीत दाखला. मुदत एक वर्ष. वर्षाच्या आत बिघडली तर दोष देखभाल करणाऱ्यांचा, वर्षानंतर बिघडली तर मालकाचा. त्याच्याकडे दोष येण्याची वाटच ठेवलेली नव्हती.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोडं पेंड खात होतं ते पुढं.

दर एप्रिलमध्ये खात्यातर्फे त्याची स्वतःची वैद्यकीय तपासणी व्हायची. डोळे, कान, रक्तदाब, आणि डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. घटस्फोटानंतर त्यात त्यानं आपल्या मनानं एक भर घातली. लॅबमध्ये जाऊन तो म्हणाला, शरीरसंबंधातून होणारे जेवढे म्हणून आजार आहेत तेवढ्यांसाठी रक्त तपासा. लॅबवाल्यानं भुवया उंचावल्या. ह्यानं त्याला खात्याचं ओळखपत्र दाखवलं, ज्याचा तिथं काडीचा संबंध नव्हता. रिपोर्ट आला, सगळं स्वच्छ, खाली निळा गोल शिक्का. तो त्यानं प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला, आणि पुढं एखाद्या बाईशी ओळख वाढत वाढत ज्या टप्प्यावर दिवा मालवायचा त्या टप्प्याला आली की तो दिवा मालवण्याआधी ते पाकीट काढायचा.

"एप्रिलचा आहे," तो म्हणायचा. "मार्चअखेरपर्यंत चालतो."

हसू नका. बायका हसल्या नव्हत्या. गोड बोलणारे पुरुष त्यांनी पायलीला पन्नास पाहिले होते, कागद घेऊन येणारा हा पहिलाच. कागद बघितला की बाईला वाटायचं, माणूस जबाबदार आहे. मग कंडोमचा विषय निघायचा नाही, आणि निघालाच तर शिक्का म्हणायचा, दाखला ताजा असताना लिफ्टमध्ये कुणी हेल्मेट घालून चढतं का? तिथं विषय संपायचा.

आता ह्या बायका किती, तर तीन. त्याच्या बाजूनं सांगायचं तर तो कुणाला फसवत नव्हता. फक्त कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. एक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी, वय एकोणचाळीस, तिच्याशी तीन वर्षांपासूनचं. दुसरी पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीतली. तिसरी दुसऱ्या शहरातल्या हॉटेलच्या काउंटरवरची, तिथं तो एकाआड एक गुरुवारी तपासणीला जायचा. चष्मेवालीबद्दल त्याला जरा जास्त वाटायचं, पण ते कुठल्या फॉर्ममध्ये भरायचं हे त्याला कळलं नव्हतं, म्हणून त्यानं ते तिलाही सांगितलं नव्हतं. ऑगस्टपासून तिनं त्याचा फोन घेणं बंद केलं. का ते तिनं सांगितलं नाही आणि ह्यानं दुकानात जाऊन विचारलं नाही. घरी येऊन तो चार दिवस न जेवता झोपला आणि पाचव्या दिवशी कामावर गेला.

सप्टेंबरच्या मध्यात त्याच्या तळहातांवर तांबूस ठिपके उठले. खाज नाही, दुखणं नाही. त्यानं ठरवलं, ग्रीसची ॲलर्जी. हातमोजे बदलले. मग ठिपके तळपायांवर आले. तळपायाला ग्रीस लागायचं काही कारण नव्हतं, तरी त्यानं मोजेही बदलले.

हे पकडलं त्याच्या बहिणीनं. ताई शिवणकाम करायची, पँटच्या चेन बदलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बारीकसारीक बघायची तिच्या डोळ्यांना सवय होती. भावाला जेवणाचा डबा देताना तिनं त्याचा हात उलटा केला.

"हे काय आहे?"

"ग्रीस."

"ग्रीस धुतलं की जातं. उद्या डॉक्टरकडे जा, नाहीतर डबा बंद."

डबा बंद म्हटल्यावर तो गेला. त्वचेच्या डॉक्टरनं तळहात पाहिले, तळपाय पाहिले, आणि तीन महिन्यांपूर्वी खाली कुठं फोड, जखम असं काही झालं होतं का म्हणून विचारलं. झालं होतं. जूनमध्ये एक लहानसा व्रण, अजिबात न दुखणारा. सेफ्टी बेल्टचा पट्टा घासला असेल असं समजून ह्यानं तिथं पावडर लावली होती. महिन्याभरात तो आपोआप गेला आणि पावडरवरचा त्याचा विश्वास वाढला. डॉक्टरनं रक्त घ्यायला सांगितलं. दोन दिवसांनी कळलं, सिफिलिस. आपल्याकडची जुनी माणसं त्यालाच गरमी म्हणायची.

सरकारी दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. तिथल्या बाई साठीच्या, केस कापलेले, टेबलावर पाण्याची बाटली आणि एक लाकडी वस्तू, जिच्याकडे शिक्क्यानं एकदा पाहिलं आणि मग पाहायचं टाळलं. ज्यांना लागण झाली त्यांच्याकडून पुढं कुणाकुणाला गेली असेल हे शोधणं आणि त्या माणसांपर्यंत निरोप पोचवणं हे बाईंचं काम.

"गेल्या सहा महिन्यांत किती जणांशी संबंध आला?"

"माझा एप्रिलचा रिपोर्ट आहे," तो म्हणाला.

"मी आकडा विचारला."

त्यानं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी कागद बाहेर काढला, पूर्ण वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"छान आहे. तेव्हा तुम्हाला काही नव्हतं."

"मार्चअखेरपर्यंत वैध आहे."

"असं कुणी सांगितलं?"

त्यानं कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत शोधलं. मुदत कुठं लिहिलेलीच नव्हती. नऊ वर्षांत असे नऊ कागद त्यानं बाळगले होते, दाखवले होते, आणि मुदतीचं वाक्य दर वेळी तो स्वतःच तोंडानं जोडत आला होता. बिनमुदतीचा दाखला त्यानं एखाद्या इमारतीत पाहिला असता तर लिफ्ट तिथल्या तिथं बंद केली असती.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "रक्त घेतलं त्या सकाळपर्यंतचं हा कागद सांगतो, आणि तेसुद्धा पूर्ण नाही. लागण झाल्यावर रक्तात दिसायला काही आठवडे जातात. त्यामुळे एप्रिलचा रिपोर्ट फार तर मार्चबद्दल बोलतो. पुढच्या मार्चबद्दल नाही. तुम्ही काम काय करता?"

"लिफ्ट तपासतो."

"एक लिफ्ट चार-पाच इमारतींत फिरायला लागली, तर एकाच दाखल्यावर चालेल?"

"लिफ्ट इमारत बदलत नाही."

"हो ना," बाई म्हणाल्या.

त्यानं कागद परत पाकिटात घातला. मग म्हणाला, "तीन."

"त्या तिघी फक्त तुम्हालाच भेटतात?"

"विचारलं नाही."

"त्यांचे रिपोर्ट पाहिलेत?"

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्टा तपासल्या आणि इथं गडी फक्त स्वतःचा दाखला मिरवत राहिला. त्यानं विषय बदलून पाहिला. हा दोष मुळात कुठून आला ह्याची रीतसर चौकशी व्हायला हवी, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, ते कळून तुम्हाला काय करायचंय? तुम्हाला कुणाकडून आलं आणि तिला कुणाकडून, हे मागं मागं जायला लागलं तर संध्याकाळ होईल. पुढं कुणाला गेलं ते बोला.

मग त्यांनी विचारलं, "तिघींपैकी कुणी गरोदर आहे?"

"नाही."

"हे तरी विचारलंत का?"

त्यानं मान हलवली. विचारलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग घाई करा. आईला असेल तर पोटातल्या बाळाला जातं. मूल पोटातच दगावू शकतं. नाहीतर जन्मतं ते हाडं, कान, डोळे खराब होऊन. आणि बाईला काही दुखत खुपत नाही, त्यामुळे ती आपल्या नादात असते. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर बहुतेक सगळं टळतं. तुम्ही सांगताय की आम्ही फोन करू? तुमचं नाव आम्ही घेणार नाही."

"मी सांगतो."

"आठ दिवस देते."

त्याला कमरेखाली दोन बाजूंना दोन इंजेक्शनं मिळाली. ती देणाऱ्या नर्सनं आधी सांगितलं होतं की दुखेल, आणि ती शब्दाला जागली. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली, पण ती तीन महिन्यांनी परत करायची होती. बाईंनी त्याला कंडोमचा खोका दिला आणि त्या लाकडी वस्तूवर कसा चढवायचा ते दाखवलं. ह्यानं ते दोनदा करून दाखवायला सांगितलं, मग स्वतः केलं, टोकाला हवा राहिली आहे का ते बोटानं तपासलं. प्रत्येक पाकिटावर मुदतीची तारीख छापलेली होती. ते बघून त्याला जरा धीर आला.

घरी जाऊन तो टेबलाशी बसला आणि त्यानं नोटिशी लिहायला घेतल्या. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, सही करणाऱ्याच्या तपासणीत दोष आढळून आला असून, सदर दोष आपणाकडे आला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी आपण विनाविलंब तपासणी करून घ्यावी.' तीन प्रती झाल्या. चौथी दफ्तरी ठेवायला लिहीत होता तेवढ्यात ताई डबा घेऊन वर आली. तिच्याकडे किल्ली होती आणि दार वाजवायची सवय नव्हती. तिनं उभ्यानंच कागद वाचला.

"तीन?" ती म्हणाली.

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"तीन तर तीन. पण हे काय लिहिलंयस? हे घेऊन ती बाई काय करील, भिंतीला लावील? तिच्या जिवाचा प्रश्न आणि तू सदर दोष म्हणून लिहितोस. लाज वाटते का?"

"वाटते," तो म्हणाला. "म्हणून तर लिहून देतोय."

ताईनं तिन्ही कागद उचलून आपल्या पिशवीत टाकले. "तोंड आहे ना तुला? तेच वापर."

काउंटरवालीला त्यानं फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, इंजेक्शन दुखतं का एवढं विचारलं, तो दुखतं म्हणाला, आणि तिनं फोन ठेवला. तलाववाली मात्र त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हणाली, "मला ऑगस्टमध्येच कळलं. तुझा नंबर दिला होता मी दवाखान्यात. त्यांनी फोन नाही केला?"

त्यानं फोनमधली यादी काढून पाहिली. एकाच अनोळखी नंबरवरून चार वेळा फोन येऊन गेला होता, पहिला ऑगस्टच्या शेवटी. अनोळखी नंबर तो घेत नसे. तपासणीची तारीख अलीकडे ओढायची असते तीच माणसं अनोळखी नंबरावरून फोन करतात, असा त्याचा अनुभव. म्हणजे एक महिना फुकट गेला होता, आणि ह्या वेळी तो देखभालवाल्यांच्या किंवा मालकाच्या नावावर टाकता येत नव्हता. त्याला स्वतःचा इतका राग आला की त्यानं त्या चारही वेळा टिपून ठेवल्या.

उरली चष्मेवाली. ती फोन घेत नव्हती. सातव्या दिवशी दुपारी तो तिच्या दुकानात गेला.

दुकान एका ऑफिसच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. तिथली लिफ्ट त्यानंच मार्चमध्ये पास केलेली. मालक बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटामागे बसून फ्रेमा पुसत होता.

"नंबर काढायचाय," शिक्का म्हणाला.

"एप्रिलमध्ये काढलात ना?"

"परत काढायचाय."

मालकाला काय, त्यानं आत जायला सांगितलं. आतली खोली अंधारी, एक खुर्ची, समोर भिंतीवर आकड्यांचा तक्ता, आणि हनुवटी टेकायचं ते यंत्र. चष्मेवाली पाठमोरी होती. वळली तेव्हा तिच्या पांढऱ्या कोटाची मधली दोन बटणं लागत नव्हती. पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात. शिक्क्याच्या धंद्यात ती रोज सरकायची, पण तिथं धरायला दांडा असतो.

"हनुवटी ठेव," ती म्हणाली. दार अर्धवट उघडं होतं.

त्यानं ठेवली. "कितवा महिना?"

"खालून दुसरी ओळ वाच."

"सात, दोन, नऊ, चार. कितवा?"

"पाचवा. पुढची ओळ."

"मला सिफिलिस झालाय," तो म्हणाला. हनुवटी टेकलेली असल्यानं शब्द दातांतून येत होते. "मला इंजेक्शन मिळालंय. तुलाही झाला असण्याची शक्यता आहे. पाच, तीन, आठ. शेवटचा दिसत नाही."

तिनं भिंग बदललं. "आता स्पष्ट दिसतंय का मघाचं?"

"मी काय बोललो ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. आता की मघाचं?"

"आता."

तिनं दार लोटून घेतलं, दिवा लावला आणि खण उघडून एक कागद काढला. "माझ्या सगळ्या तपासण्या झाल्यात. सुरुवातीलाच करतात. हे बघ, तू आत्ता घेतलंस तेच आजाराचं नाव, समोर निगेटिव्ह. खाली शिक्का. मला काही झालेलं नाही, आणि तुला मी बोलावलेलं नाही."

त्यानं कागद घेतला आणि जन्मात पहिल्यांदा शिक्क्याच्या आधी तारीख पाहिली. वीस जुलै.

"आपण शेवटचे भेटलो ते..."

"दोन ऑगस्टला," ती म्हणाली. "त्या दिवशी सांगणार होते मी तुला. तू दोनदा घड्याळ पाहिलंस, म्हणून राहू दिलं. कुठं जायचं होतं एवढं?"

"तलावावर."

"पोहायला?"

"नाही."

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "किती जणी आहोत?"

"तुझ्यासकट तीन."

बाहेर मालकानं कुणाला तरी फ्रेमची किंमत सांगितली, त्या माणसानं जास्त आहे म्हटलं. चष्मेवाली ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी तू मला कागद दाखवलास. मला वाटलं, बाई, नशीब काढलंस, माणूस कसा सरळ आहे. मी साधा एक प्रश्न नाही विचारला तुला. आता माझ्या हातात कागद आहे तर तू म्हणतोस कागदाला अर्थ नाही. कुठल्या तोंडानं म्हणतोस?"

खरंच, कुठल्या तोंडानं? तिचा रिपोर्ट बरोबर होता, शिक्का खरा होता, तारीख वर्षाच्या आतली होती. दुसऱ्या कुणी असा कागद त्याच्यासमोर धरला असता तर त्यानं मान डोलावून पुढची इमारत गाठली असती. आणि आता तो असाच हरला तर पोटातल्या जिवाला भोगायला लागणार होतं. त्यानं बॅगेतून दोन कागद काढले आणि तिच्या कागदाशेजारी ठेवले.

"हा एप्रिलचा. हा आत्ताचा. दोन्ही माझे आहेत, दोन्हींवर शिक्का आहे. मधे काय झालं ते एकातही लिहिलेलं नाही. तुझा वीस जुलैचा आहे, त्याच्यानंतरही आपण भेटलो. त्याच्या आधीही भेटलो होतो, पण ते रक्तात यायला वेळ लागतो." एवढं तो तपासणीच्या अहवालाबाहेर कधी बोलला नव्हता. "वर्षभर चालतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच म्हणत होतो. मी चुकलो. तुझ्या बाबतीत फार चुकलो."

चष्मेवाली स्टुलावर बसली. तिन्ही कागद तिनं ओळीनं पाहिले, मग परत पाहिले.

"माणसं सहा वर्षांपूर्वीचा नंबर घेऊन येतात," ती म्हणाली. "म्हणतात, तपासू नका, मला सगळं दिसतं. आणि जाताना माझ्या काचेच्या दारावर आपटतात."

"हो," तो म्हणाला. "मी पाहिलंय."

"बाळाला काय होतं?"

त्यानं बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, काही न वगळता. हाडं सांगितली, कान सांगितले. डोळे शेवटी सांगितले. त्या शब्दाला तिनं हात पोटावर ठेवला. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर बहुतेक काही होत नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं, आणि आज दवाखाना साडेपाचपर्यंत उघडा आहे हेही. सव्वाचार वाजले होते. तिनं कोट काढून खिळ्याला अडकवला आणि मालकाला म्हणाली, मी निघते, बरं वाटत नाहीये.

लिफ्ट वर आली. आत काचेच्या चौकटीत दाखला होता, खाली त्याची सही, मुदत पुढच्या मार्चपर्यंत. शिक्क्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला बाहेर थांबायला सांगून तो एकटा आत शिरला. खाली गेला, वर आला. दोन मजल्यांच्या मधे थांबवून दारं उघडतात का ते ओढून पाहिलं. चौथ्या मजल्यावर आणून बाहेर एक पाय ठेवून तीनदा वजन टाकलं आणि फरशी खाली जाते का ते गुडघ्यावर बसून बघितलं. कान दाराला लावून दोराचा आवाज ऐकला. फ्रेमची किंमत विचारणारं गिऱ्हाईक मागं येऊन उभं राहिलं होतं, ते म्हणालं, बिघडली आहे का?

"उशीर होतोय," चष्मेवाली म्हणाली.

"झालं. आत्ता ठीक आहे."

"मार्चपर्यंत?"

"आत्ता," तो म्हणाला.

ती आत गेली. ते गिऱ्हाईकही गेलं. शिक्क्यानं पाय उचलला तेव्हा तिनं हात आडवा धरला.

"तू जिन्यानं ये."

तो जिन्यानं आला. खाली ती थांबलेली नव्हती, पण दवाखान्याच्या दिशेनं बरीच पुढं तिची पाठ दिसत होती. तो अंतर ठेवून चालत राहिला. दवाखान्यात तपासलं, तर तिच्या रक्तात आता दिसत होतं. त्याच संध्याकाळी तिला इंजेक्शन मिळालं, आठवड्यानं दुसरं. खोलीबाहेरच्या बाकावर तो दोन्ही वेळा बसला, आणि दोन्ही वेळा ती त्याच्या समोरून काही न बोलता निघून गेली. बाईंनी त्याला एकदा पाणी विचारलं.

पुढचे महिने त्यानं काम केलं. स्वतःचं रक्त सांगितलेल्या तारखांना दिलं, एचआयव्हीची तपासणी परत केली, ती निगेटिव्ह आली, आणि तो कागद त्यानं बॅगेत ठेवला नाही. कंडोमचा खोका कपाटात होता, त्याची मुदत अजून तीन वर्षांची होती, आणि उघडायचं काही निमित्त आलं नाही. अनोळखी नंबर तो पहिल्या घंटेला उचलायला लागला. त्यामुळे अनेक लोकांच्या तारखा अलीकडे आल्या. ताईला त्यानं सगळं सांगितलं होतं. तिनं एकदा विचारलं, "पोर कधी होणार?" तो म्हणाला, "मार्च." डबा देताना हात उलटा करून बघायची ताईची सवय मात्र राहिली.

मार्च गेला. त्यानं चष्म्याच्या इमारतीतली लिफ्ट तपासली, चौथ्या मजल्यावर उतरला नाही. तपासणीची तारीख नसतानाही तो आता अधूनमधून इमारतींत शिरायचा आणि दोरावरून फडकं फिरवून निघून जायचा. ह्याला झालंय तरी काय, असं वॉचमन एकमेकांना विचारायचे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ताईनं खालच्या पेटीतून एक लिफाफा वर आणून दिला. आत हॉस्पिटलच्या रिपोर्टची प्रत होती. बाळाचं रक्त तपासलं, अंग तपासलं, काळजीसारखं काही नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. खाली गोल शिक्का. चिठ्ठी नव्हती. त्यानं तारीख पाहिली, मग सवयीनं नव्हे, बाईंची आठवण येऊन, कागद उलटून मागची बाजू पाहिली. तिथं चष्मेवालीचं अक्षर होतं.

'मुलगी आहे. डोळे मी स्वतः तपासले, छान आहेत. हा रिपोर्ट आजचा आहे. पुढची तपासणी बारा जुलै, सकाळी दहा वाजता. जिन्यानं ये.'